पुरे कुठे म्हणायचं? घरातल्या ध्वनियंत्रांचा इतिहास

मंडळी, घरात गाणं ऐकायचं यंत्र असतं, ते चांगलं वाजतही असतं. तरी आधी ॲम्प्लिफायर बदलावा, मग स्पीकर, मग तारा, असं वाटत राहतं. हे थांबवायचं कुठे, हा आजचा विषय.

ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच भागात एक भेद केला आहे. कोणत्याही कलेचं साधन अमर्याद नसतं. ते ज्या कामासाठी असतं, ते कामच त्याची मर्यादा ठरवतं. मिळवत राहणं हेच ध्येय झालं, की मर्यादा उरत नाही. हा भेद हाताशी ठेवून आपण पुढे जाऊ.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७चा. १९१५पासून त्याच्या कंपनीने अमेरिकेत जाहीर चाचण्या घेतल्या. गायिका तबकडीबरोबर गायची, मध्येच थांबायची. कधी दिवेही मालवले जायचे. गाणारं माणूस कोणतं आणि यंत्र कोणतं ते कळत नाही, असं श्रोते सांगत. यातली एक गायिका, ॲना केस, हिने पुढे सांगितलं की तीच आपला आवाज यंत्राशी जुळवून घेत असे! म्हणजे ‘हुबेहूब’ या शब्दावर तेव्हाही विसंबता येत नव्हतं.

मग लोकांनी तिथेच थांबायला हवं होतं का? नाही. १९२५मध्ये मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण सुरू झालं, आणि आधी न उमटणारे खालचे-वरचे स्वर ऐकू येऊ लागले. १९४८मध्ये एलपी आली. अब्दुल करीम खाँसाहेबांना राग जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत आटपावा लागला होता. आता एका बाजूला वीस मिनिटं मिळाली. १९५८च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. हे सगळे बदल डोळे मिटूनही कळत होते. तेव्हा यंत्र बदलणं हे गाण्यासाठीच होतं.

१९८२मध्ये सीडी आली आणि प्रश्नच बदलला. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, तेही तरुणपणी. सीडीत सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी मावतो. तरीही १९९९मध्ये तिच्याहून सूक्ष्म अशी सुपर ऑडिओ सीडी निघाली. २००७मध्ये मेयर आणि मोरन या दोघांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. अशा सूक्ष्म मुद्रणाचा ध्वनी एकदा थेट आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून ऐकवायचा, आणि कोणता कोणता ते ओळखायला सांगायचं. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरं आली २७६. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती.

म्हणून सगळीच यंत्रं सारखी, असं आम्ही म्हणत नाही. स्पीकरा-स्पीकरांत फरक असतो, आणि खोलीचा परिणाम तर फारच मोठा. उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी आवाज घुमवतात. जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांचं कपाट तो आवरतात. स्पीकर कोपऱ्यातून जरा पुढे ओढला तर खर्जाची गडगड कमी होते, आणि त्याला पैसा लागत नाही.

नवं काही घेण्याआधी मात्र ही चाचणी घरी करावी. दोन्ही यंत्रांचा आवाज नेमका सारखा ठेवायचा, कारण जरा मोठं वाजणारं आपल्याला चांगलंच वाटतं. अदलाबदल दुसऱ्याने करायची आणि आपल्याला काही सांगायचं नाही. दहा-पंधरा वेळा ऐकूनही ओळखता आलं नाही, तर तिथे थांबावं. आमच्या वयाच्या मंडळींना हे जास्तच लागू आहे. महागडी यंत्रं परवडू लागतात तोवर वरचे स्वर ऐकणारा कान निम्म्यावर आलेला असतो.

कुणाला यंत्राचीच हौस असेल, तर तीही हौसच आहे. घड्याळांची असते तशी. फक्त तिला ‘गाण्यासाठी’ म्हणू नये. गाण्यासाठी काय हवं? खाँसाहेबांच्या खरखरणाऱ्या तबकड्या लोक आजही कान देऊन ऐकतात.

आपणही इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ.