पित्याचा नकार : न्यायालयीन साक्षीच्या इतिहासातील एक प्रकरण

अपत्याचा छळ केल्याचा आरोप पित्यावर आला आणि त्याने न्यायालयात तो नाकारला, तर त्या नकाराला पुरावा म्हणून काय मोल असते? आज हा प्रश्न सरळ वाटतो. तथापि इतिहासात दीर्घकाळपर्यंत या नकाराला पुराव्याचा दर्जाच नव्हता, आणि अपत्याच्या शब्दाचीही बहुधा तीच गत होती. हे दोन्ही शब्द न्यायालयात कोणत्या वाटेने आले आणि दफ्तरात उतरताना त्यांचे काय झाले, याचा विचार येथे संक्षेपाने करावयाचा आहे.

प्रथम आपल्या जुन्या व्यवहारशास्त्राकडे पाहू. धर्मशास्त्रकारांनी प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार मानले : संप्रतिपत्ती म्हणजे कबुली, मिथ्या म्हणजे नकार, कारणोत्तर म्हणजे कृत्य मान्य करून त्याचे समर्थन, आणि प्राङ्न्याय म्हणजे पूर्वीच झालेल्या निवाड्याचा आधार. मिथ्योत्तराचेही त्यांनी पोटभेद केले. ‘हे खोटे आहे’, ‘मला ठाऊक नाही’, ‘मी तेथे नव्हतो’ ही विधाने त्यांच्या दृष्टीने एकच नव्हेत. निव्वळ नकार असेल तर सिद्धतेचा भार वादीवर, कारणोत्तर असेल तर तो प्रतिवादीवर, हा नियमही त्यांनी घालून दिला.

पित्याच्या नकाराला हा भेद तंतोतंत लागू पडतो. ‘मी मारले नाही’ हे मिथ्योत्तर होय. ‘मारले, पण शिस्तीसाठी’ हे कारणोत्तर होय. पहिल्यात घटना नाकारली जाते, दुसऱ्यात केवळ तिचे नाव. इंग्लंडमध्ये १८६० साली हॉपली या शिक्षकाच्या मारहाणीत एक विद्यार्थी मरण पावला. त्या खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी पित्याला, आणि त्याने अधिकार दिलेल्या शिक्षकाला, माफक व वाजवी शारीरिक शिक्षेचा अधिकार मान्य केला. मात्र मर्यादा ओलांडल्यामुळे हॉपली दोषी ठरला. त्याच वर्षीच्या भारतीय दंडसंहितेतील ८९ व्या कलमाने बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृत्याला संरक्षण दिले. परिणामी बराच काळ ‘मारले की नाही’ यापेक्षा ‘त्याला काय म्हणावे’ हाच वादाचा विषय राहिला.

आता शपथेचा प्रश्न. इंग्लंडच्या रूढ कायद्यानुसार आरोपी हा हितसंबंधी, म्हणून साक्षीस अपात्र. बालकालाही शपथेचा अर्थ समजत नसेल तर साक्ष देता येत नसे. ब्रेझरच्या खटल्यात १७७९ साली न्यायाधीशांनी हे स्पष्ट केले होते. म्हणजे घराच्या चार भिंतींआड जे घडले त्याचे दोनच साक्षी, आणि दोघेही मुके. ही कोंडी १८८५ च्या फौजदारी सुधारणा कायद्याने फोडली. त्याच्या चौथ्या कलमाने अल्पवयीन मुलीचे शपथेविना कथन ग्राह्य धरले, मात्र त्याला अन्य पुराव्याची पुष्टी आवश्यक ठरवली. विसाव्या कलमाने त्या गुन्ह्यांतील आरोपीला स्वतः साक्ष देण्याची मुभा दिली. सर्वच गुन्ह्यांतील आरोपींना हा अधिकार मिळण्यास १८९८ साल उजाडले. बालकाचा शब्द आणि आरोपीचा नकार एकाच कायद्याच्या दाराने आत आले, ही गोष्ट लक्षणीय आहे. एकाला बोलू द्यावयाचे तर दुसऱ्यालाही बोलू दिले पाहिजे, हे त्यातील न्यायतत्त्व होय.

भारतात क्रम निराळा दिसतो. १८७२ च्या पुरावा कायद्याने साक्षीसाठी वयाची अट घातली नाही. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता येणे एवढीच कसोटी ठेवली. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी रामेश्वर खटल्याच्या निर्णयात स्पष्ट केले की पुष्टीची अपेक्षा हा विवेकाचा भाग आहे, कायद्याची अनिवार्य अट नव्हे. आरोपीला मात्र शपथेवर बोलण्याची मुभा १९५५ च्या दुरुस्तीने मिळाली, तीही त्याने स्वतः लेखी विनंती केली तरच. तो साक्षीस उभा राहिला नाही, तर त्यावरून त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येत नाही. म्हणून १९५५ पूर्वीच्या भारतीय खटल्यात पित्याची शपथेवरील साक्ष आढळली नाही, तर ते त्याचे मौन नव्हे. कायद्याने त्याला दिलेले मौन होय.

अखेर भाषेचा मुद्दा. आरोपीला न्यायाधीशाने विचारलेले प्रश्न आणि त्याची उत्तरे संपूर्ण लिहिली जातात. साक्षीदाराची जबानी मात्र सत्र न्यायालयात सामान्यतः कथनरूपाने उतरते. कल्पित उदाहरण घेऊ. वकील विचारतो, “त्या रात्री तुम्ही मुलाला पट्ट्याने मारले ना?” पिता म्हणतो, “नाही.” कागदावर येते : ‘त्या रात्री मी मुलाला पट्ट्याने मारले, हे म्हणणे खरे नाही.’ उच्चारलेला शब्द एक. नोंदलेले वाक्य दहा शब्दांचे, आणि त्यातील पट्टा प्रतिपक्षाचा. मुलाच्या जबानीचेही असेच होते. त्याचे तुटक उत्तर किंवा नुसते मान हलवणे पूर्ण वाक्य बनते, आणि त्याचे ‘बाबा’ तेथे ‘आरोपी’ होतात.

२०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने बालकाला प्रश्न न्यायालयामार्फतच विचारावेत, साक्षीच्या वेळी आरोपी त्याच्या दृष्टीस पडू नये, असे ठरवले. आणि ठरावीक गुन्ह्यांत आरोपीविरुद्ध गृहीतक मांडून त्याचे खंडन करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली. मिथ्योत्तर असता भार वादीवर, या प्राचीन नियमाला येथे जाणीवपूर्वक मुरड घातली आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी संहिता बदलल्या, तरी हा कायदा कायम आहे.

या विवेचनाचा निष्कर्ष असा की दफ्तरातील पित्याचा नकार हा निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे आणि अपराध्याचा कांगावाही नव्हे. निरपराध आणि अपराधी दोघांचे वाक्य अक्षरशः एकच असू शकते. अभ्यासकाने ते वाक्य कोणत्या कायद्याखाली, कोणत्या प्रश्नाला, कोणाच्या लेखणीतून आले हे प्रथम पाहावे, आणि शेजारी नोंदलेले, किंवा न नोंदलेले, मुलाचे शब्दही त्याच कसोटीने वाचावेत. अशा नोंदीवर एके काळी बापाचे स्वातंत्र्य आणि मुलाचे उभे आयुष्य अवलंबून होते, याचा विसर संशोधकास पडता कामा नये.