हिमायत बाग

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील ऐतिहासिक बाग. शहराच्या उत्तरेस, दिल्ली दरवाजाजवळ, सुमारे 300 एकरांवर ती पसरली आहे. सतराव्या शतकात, मुघल काळात तिची उभारणी झाली.

बागेचा कारभार मात्र परभणीशी जोडलेला आहे. 18 मे 1972 रोजी स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचे (आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) फळ संशोधन केंद्र येथे चालते. चिंचेचे ‘प्रतिष्ठान’ हे वाण याच केंद्राचे.

त्यामुळे येथे येणाऱ्याला इतिहास आणि फळबागशास्त्र एकत्र भेटतात. जुनी झाडे, आमराई, चिंचा आणि पक्ष्यांचा वावर यांमुळे पहाटे फिरणारे, पक्षीनिरीक्षक व अभ्यासक येथे आवर्जून येतात. दाट वस्तीच्या शहरात एवढे हिरवे क्षेत्र टिकणे मोलाचे आहे.