गरबा-गायक, मुंबई उपनगरांतील

गरबा व दांडियारास या समूहनृत्यांत गाण्याच्या द्वारे नर्तकांची गती, आवर्तने व विसावा यांचे नियमन करणारा मुख्य गायक किंवा गायिका. गुजराती भाषेत या कार्यास ‘गवडाववुं’ असे क्रियापद आहे. त्याचा अर्थ गाणे असा नसून इतरांकडून गाऊन घेणे असा आहे, आणि या कलेचे मर्मही त्यातच आहे. अमेरिकेतील चौकोनी नृत्यात चार जोड्या चौकोन करून उभ्या राहतात व ‘कॉलर’ म्हणून ओळखला जाणारा सूचक पुढील हालचाल कोणती, हे गात किंवा बोलत सांगत असतो. गरब्याचा गायक पदन्यासाचे नाव उच्चारीत नाही. ताल बदलून, ध्रुवपद लांबवून वा लय चढवून तो तेच काम करतो. नर्तक स्वतःच्या इच्छेने नाचत असल्याचे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः शेकडो पावले एका गळ्याच्या आज्ञेत असतात.

मूळ गरब्यात गाणारे आणि नाचणारे वेगळे नव्हते. छिद्रे पाडलेल्या मातीच्या घटात दिवा लावून त्याभोवती स्त्रिया टाळ्या देत फेर धरीत; एक जण ओळ म्हणे, बाकीच्या ती झेलीत. त्यामुळे लय आपोआप श्वासाच्या मर्यादेत राही. वल्लभ मेवाडो याच्या देवीस्तुतिपर गरब्यांनी आणि दयाराम (1777–1853) याच्या कृष्णभक्तिपर गरबींनी या गायनास साहित्यिक अधिष्ठान दिले. मराठी वाचकास या रचनेचे नवल वाटू नये. आश्विनातील भोंडल्यात हत्तीच्या चित्राभोवती फेर धरणाऱ्या मुलींतही गाणे उचलून देणारी एखादी असतेच, आणि कोकणातील जाखडी नृत्यात तर गायक-वादक मध्यभागी बसतात व नर्तक त्यांच्याभोवती फिरतात.

विसाव्या शतकात भुलेश्वर, काळबादेवी, मशीद बंदर या जुन्या वस्त्यांतून अनेक गुजराती व कच्छी कुटुंबे रेल्वेमार्गालगतच्या घाटकोपर, मुलुंड, विलेपार्ले, कांदिवली, बोरिवली या उपनगरांत स्थायिक झाली. त्यांच्याबरोबर गरबाही चाळीच्या चौकातून गृहनिर्माण संस्थांच्या आवारात व तेथून मैदानात आला. ध्वनिवर्धक आल्यावर गायकाने फेर सोडला व तो मंचावर चढला. या स्थलांतराचा परिणाम दूरगामी ठरला. नाचणाऱ्याचा श्वास गाणाऱ्यास आता स्वतःच्या छातीत जाणवत नाही. तो त्याला डोळ्यांनी ओळखावा लागतो.

संगीतरचनेच्या बाजूने या परंपरेस आधुनिक वळण देणाऱ्यांत अविनाश व्यास (1912–84) अग्रगण्य होत. गुजराती चित्रपटांचे संगीतकार म्हणून त्यांनी मुंबईत दीर्घकाळ काम केले. त्यांचे गरबे घरोघरी इतके रुळले, की ते पारंपरिक असल्याचाच अनेकांचा समज होतो. 1970 मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. 1980 च्या दशकात कल्याणजी-आनंदजी यांचे धाकटे बंधू, तालवादक बाबला आणि गायिका कांचन (मृत्यू 2004) यांच्या ‘डिस्को दांडिया’ या ध्वनिमुद्रिकांनी विद्युत्-वाद्ये व अखंड गीतमाला रूढ केली. या जोडीची कीर्ती कॅरिबियन बेटांतील भारतीय वंशीयांतही पसरली. जुन्या जाणकारांनी या प्रयोगाला नावे ठेवली. पण दोन गाण्यांमधला खंड नाहीसा करून त्यांनी गायकाचे काम अधिक अवघड केले, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

या अवघड कामात दीर्घकाळ टिकलेले नाव फाल्गुनी पाठक यांचे. मुंबईत वाढलेल्या पाठक यांची व्यावसायिक कारकीर्द 1987 मध्ये सुरू झाली. ‘ता थैया’ हे त्यांच्या वाद्यवृंदाचे नाव. ‘याद पिया की आने लगी’ (1998) या गीतसंग्रहाने त्या देशभर परिचित झाल्या. परंतु त्यांची खरी कामगिरी ध्वनिमुद्रणात नसून बोरिवलीसारख्या उपनगरांतील मैदानांवर, नऊ रात्री सलग गाण्यात आहे. अशा रात्रीची बांधणी सामान्यतः ठरलेली असते. आरंभी देवीची स्तुती, मग संथ गरबा, हळूहळू चढणारी लय, मध्यंतर, त्यानंतर टिपऱ्यांचा रास आणि शेवटी द्रुत लयीतील गाणी. ठरलेले नसते ते एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाण्याचे क्षण. सहा मात्रांच्या हींच तालातून आठ मात्रांच्या केरव्यात जाताना सम चुकली, तर आतले रिंगण पुढे जाते व बाहेरचे मागे राहते. रासात लय एकदम वाढविली, तर टिपरी टिपरीवर न पडता बोटांवर पडते. ‘खेलैया’, म्हणजे खेळणारे, थकले आहेत की कंटाळले आहेत हा भेद मंचावरून ओळखावा लागतो. पहिल्यांना सावकाश ध्रुवपद द्यावयाचे असते, दुसऱ्यांना नवे गाणे. ढोलवादकास हे सांगण्यापुरता एखादा हातवारा, इतकाच अवधी असतो.

ध्वनिप्रदूषण नियमावली (2000) प्रमाणे रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक वापरता येत नाही. वर्षातून फार तर 15 दिवस राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. पूर्वी उत्तररात्रीपर्यंत रंगणारा खेळ त्यामुळे बहुतेक रात्री दोन-तीन तासांत बसवावा लागतो. रुग्ण, विद्यार्थी व वृद्ध यांच्या दृष्टीने हा नियम न्याय्य आहे. गायनाला मात्र त्याची किंमत द्यावी लागली : संथ गरबा आखडला व द्रुत भाग लवकर येऊ लागला. 2020 व 2021 मध्ये करोना साथीमुळे मुंबईत सार्वजनिक गरबे झाले नाहीत, तेव्हा नऊ रात्रींच्या मिळकतीवर वर्ष काढणाऱ्या लहान वाद्यवृंदांची स्थिती बिकट झाली.

डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोने गुजरातच्या गरब्याचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक सूचीत समावेश केला. हा गौरव नृत्याचा आहे. मैदानांवरील पारितोषिके उत्तम खेळणाऱ्यास व उत्तम वेशभूषेस दिली जातात. व्यासांचा सन्मान झाला तो रचनाकार म्हणून. अमेरिकेत 1974 पासून कार्यरत असलेली ‘कॉलरलॅब’ ही सूचकांची संस्था सूचकांच्या कार्याबद्दल ‘माइलस्टोन’ पुरस्कार देते आणि 25 व 50 वर्षे काम केलेल्यांचीही नोंद ठेवते. गाणाऱ्यास नुसता गायक न मानता नृत्याचा सूत्रधार मानणारी अशी दृष्टी उपनगरांतील गरब्याच्या वाट्याला अद्याप आलेली नाही. ध्वनिफितींनी गाणी जतन केली, पण गाणे केव्हा बदलले व का बदलले, हे त्यांत सापडत नाही. त्यासाठी मैदान, मंच व वादक एकत्र दिसतील असे संपूर्ण रात्रीचे चित्रण हवे. आज ही विद्या मुख्य गायकाच्या मागे उभे राहून ध्रुवपद झेलणाऱ्या सहगायकांकडे पाहूनपाहूनच पोहोचते. त्यांतील काही जण पुढे लहान गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत स्वतंत्रपणे गाऊ लागतात.