मोहाची दारू आणि फ्रान्सचा महापौर

खैरलांजी म्हटलं की लोक दचकतात. म्हणून आधीच सांगते, आमची खैरलांजी बालाघाट जिल्ह्यातली, मध्यप्रदेशची.

चैत्रात तिथे मोह गळतो. बायका पहाटे टोपल्या घेऊन निघायच्या, अंगणभर फुलं वाळायची. फुलं भाजून खायची, गुरांना घालायची, सगळं चालायचं. दारू मात्र पाड्यावरची. घरात तिचं नाव काढायचं नाही!

ही लाज आली कुठून? इंग्रजांनी आबकारी बसवली आणि घरची भट्टी गुन्हा ठरली. मुंबई इलाख्यात तर १८९२ साली मोहफुलांसाठी वेगळा कायदाच केला. दारूचा महसूल सरकारला हवा होता, आणि मोह झाडाखाली फुकट पडायचा.

आता फ्रान्समधलं दिजों शहर बघा. १९४५ ते १९६८ तिथे फेलिक्स कीर नावाचे महापौर होते, धर्मगुरूसुद्धा. ते पाहुण्यांना गावचीच पांढरी वाईन द्यायचे, त्यात गावचीच ब्लॅककरंटची गोड लिकर. पेय जुनंच, पण नाव पडलं 'कीर'. वाईनच्या जागी शॅम्पेन ओतली की 'कीर रॉयाल'. गावठी चीज महापौरांनी पाहुण्यांपुढे ठेवली, एवढंच. आपल्याकडे तसं कोणी केलं नाही.

बुडबुड्यांची वाईनही आता परकी राहिली नाही. १९८० च्या दशकात शामराव चौगुल्यांच्या इंडाजने नारायणगावला 'ओमर खय्याम' काढली, ती परदेशात विकली गेली. मोहालाही उशिरा का होईना मान मिळाला. २०१८ मध्ये गोव्यातल्या 'डेस्मंडजी'ची मोहाची लिकर बाजारात आली. २०२१ मध्ये मध्यप्रदेश सरकारने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' करायचं जाहीर केलं. शंभर वर्षं ज्यासाठी आदिवासींना धरलं, त्यालाच हे नाव!

दादा-वहिनींच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी ब्लॅककरंटऐवजी तीच लिकर वापरली. उंच ग्लासात आधी १० मिली लिकर, मग ग्लास तिरका धरून ९० मिली थंडगार ब्रूट हळूहळू कडेने. ढवळायचं नाही, बुडबुडे मरतात. ब्रूटच घ्या, गोड वाईन घेतलीत तर सरबत होतं.

आत्या पीत नाही. तिने नुसता वास घेतला.

"अगं माय, हा तर मोह!" म्हणाली, आणि किती तरी वर्षांनी पाड्यावरच्या बायकांची नावं एकेक करून सांगायला लागली.