राणीछाप, राजाछाप आणि एक ग्लास पाणी

टाकसाळींवरचा भाग झाल्यापासून एकच प्रश्न सगळ्यात जास्त आला: "घरात जुने रुपये आहेत, ते चांदीचे आहेत का हे घरच्या घरी कसं ओळखायचं?" नेहमीचं उत्तर म्हणजे वजन करा आणि लोहचुंबक लावून बघा. पण १९४० नंतरच्या रुपयाला हे उत्तर पुरत नाही. का पुरत नाही, यातच खरी गोष्ट आहे.

आधी थोडं मागे जाऊ. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. त्याआधी आपल्याकडे अंकुशी, चांदवडी असे कितीतरी रुपये चालायचे, आणि सराफ नाणं पारखून त्यावर बट्टा कापायचा. नावाला बट्टा लागतो असं आपण म्हणतो, तो हाच. १८३५ नंतर शंभर वर्षं रुपयावरचे चेहरे बदलले: विल्यम, व्हिक्टोरिया, एडवर्ड, मग दोन जॉर्ज. चांदी बदलली नाही. लोकांनी रुपया गाडग्यात पुरला, गळ्यात ओवला, लक्ष्मीपूजनाला मांडला, तो या भरवशावर.

मग दुसरं महायुद्ध आलं. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि इथे लोक नोटा देऊन नाणी घ्यायला धावले. सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणं हा गुन्हा ठरवला. त्याच वर्षी रुपयातली चांदी निम्म्यावर आणली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. वजन तेच, आकार तोच, वर राजा सहावा जॉर्ज तोच. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, इंटरफेस तसाच ठेवून आतला कोड बदलला. जुन्या रुपयात १०.६९ ग्रॅम चांदी होती, नव्यात ५.८३.

आणि जुने रुपये? ते परत मागवले. व्हिक्टोरियाचे ३१ मार्च १९४१ नंतर चलनातून बाद, एडवर्डचे ३१ मे १९४२ नंतर, दोन्ही जॉर्जचे जुन्या चांदीचे ३० एप्रिल १९४३ नंतर. म्हणजे तुमच्या कपाटात आज राणीछाप रुपया असेल, तर बहुधा घरातल्या कोणीतरी तो तेव्हा परत केला नव्हता. मला ही गोष्ट फार आवडते. १९४७ मध्ये चांदी पूर्णच गेली आणि वाघाचं चित्र असलेला निकेलचा रुपया आला. वजन? पुन्हा तेच, ११.६६.

आता लक्षात आलं ना, नुसता वजनकाटा इथे का हरतो ते?

लोहचुंबक एकच काम चोख करतो: निकेलचा रुपया त्याला चिकटतो. पण बाजारातली नकली नाणी बरेचदा जर्मन सिल्व्हरची असतात. नाव सिल्व्हर, आत चांदीचा कणही नाही, आणि ती चुंबकाला दाद देत नाहीत. (कंपनी सरकारच्या नावाची, हनुमान किंवा रामदरबार असलेली १८१८ सालची नाणी तर कंपनीने कधी पाडलीच नाहीत. तिथे धातू तपासायचे कष्टही घेऊ नका.)

कड बघा. १९४० ते १९४५ च्या रुपयाच्या कडेला, उभ्या रेघांच्या मधोमध नक्षीची एक खाच फिरलेली दिसते. आधीच्या रुपयाला नुसत्या रेघा. आवाजही ऐका.

[नाणं वाजवल्याचा आवाज, दोनदा]

पहिला १९०७ चा, दुसरा १९४४ चा. खणखणीत कशाला म्हणतात ते कळलं असेल. पण आवाजावर पैज लावू नका. तडा गेलेलं खरं नाणंही बद्द वाजतं.

माझा भरवसा पाण्यावर. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. बुडबुडे झटका. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील, तेवढे मिलिलिटर नाण्याचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा. १०.३ च्या आसपास आलं तर जुनी चांदी, ९.५ च्या आसपास तर युद्धातला रुपया, ९ च्या खाली तर चांदी विसरा. नाणं झिजलेलं असलं तरी फरक पडत नाही, कारण झिजेने वजन आणि आकारमान बरोबरीनेच घटतं.

हे सगळं मी शिकलो ते घरातल्या एका वाटणीमुळे. आजीने आई आणि मावशीला दहा-दहा रुपये दिले होते, मोजून, अगदी समान. आईकडे दहाही राणीछाप आले, मावशीकडे दहाही १९४३-४४ चे. आजीच्या लेखी रुपया म्हणजे रुपया. पाण्यात तपासल्यावर हिशोब असा निघाला: आईकडे सुमारे १०७ ग्रॅम चांदी, मावशीकडे ५८. मावशी म्हणाली, "असू दे रे, आईने हाताने दिलेत." आईने ऐकलं नाही. आता दोघींकडे पाच राणीछाप आणि पाच राजाछाप आहेत.

एक विनंती. तपासायच्या आधी किंवा नंतर नाणी चिंच-मिठाने घासू नका. चांदी तेवढीच राहते, पण संग्राहक घासलेल्या नाण्याला लगेच कमी भाव देतो. ॲसिडही नको, त्याचा डाग जात नाही. आणि विकायला जाताना प्रत्येक नाण्याचा आकडा कागदावर लिहून न्या. सगळी एकाच भावात तोलायला निघालेल्या दुकानदारापुढे तो कागद ठेवा.

भेटू पुढच्या भागात.