कलकत्त्याच्या पूर्वेकडील तळीं

शहरांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार वाडे, पेठा, देवालयें व व्यापार यांचें वर्णन मोठ्या आवडीनें करतात. परंतु त्या शहराचें सांडपाणी कोठें जातें, ह्या प्रश्नाकडे ते सहसा वळत नाहींत. वास्तविक शहराचें आरोग्य पिण्याच्या पाण्यावर जितकें अवलंबून असतें, तितकेंच वापरलेल्या पाण्याच्या व्यवस्थेवरही असतें. ह्या दृष्टीनें पाहतां कलकत्ता, म्हणजे आजचें कोलकाता, ह्या शहराच्या पूर्वेस असलेल्या तळ्यांचा इतिहास विचार करण्याजोगा आहे.

कलकत्ता हुगळी नदीच्या पूर्व तीरावर वसलें आहे. बंगालच्या सपाट प्रदेशांत नद्या आपल्याच गाळानें आपले कांठ उंच करीत असतात. म्हणून तेथील जमिनीचा स्वाभाविक उतार नदीकडे नसून पूर्वेकडील खाऱ्या दलदलीकडे आहे. ह्या दलदलींत विद्याधरी नदीवाटे समुद्राच्या भरतीचें पाणी येत असे. इंग्रजी अमदानींत शहराची वस्ती वाढली, पटकीच्या सांथी वरचेवर येऊं लागल्या, तेव्हां विल्यम क्लार्क ह्या इंजिनियरानें १८५५ सालीं भुयारी गटारांची योजना मांडली. तिचें मुख्य सूत्र, पाण्यास त्याच्या उताराच्या दिशेनेंच जाऊं द्यावें, हें होतें. त्याप्रमाणें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गटारें बांधलीं गेलीं, आणि शहराचा मैला पूर्वेकडे विद्याधरींत पडूं लागला.

ही व्यवस्था कांहीं काळ ठीक चालली. परंतु वरून येणारा प्रवाह क्षीण झाला, भरतीचें पाणी पसरण्याची जागा आकसत गेली, आणि विद्याधरीचें पात्र गाळानें भरत चाललें. अखेर १९२८ सालीं ती नदी मृत झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. ह्यामुळें दोन संकटें एकदमच उभीं राहिलीं. शहराच्या सांडपाण्यास वाट उरली नाहीं. आणि ज्या कोळ्यांचा चरितार्थ खाऱ्या पाण्यांतील मासळीवर चालत असे, त्यांचा धंदा बसला.

ह्या आपत्तींतूनच पुढील व्यवस्था जन्मास आली. दलदलीस बांध घालून उथळ तळीं करावीं आणि त्यांत खाऱ्या पाण्याच्या जागीं शहराचें सांडपाणी बेतानें घ्यावें, असा उद्योग तेथील लोकांनीं आरंभिला. १९३० च्या सुमारास अशीं तळीं वाढूं लागलीं. त्यांस तिकडे भेडी म्हणतात. पुढें महानगरपालिकेचे मुख्य इंजिनियर बी. एन. दे यांच्या योजनेप्रमाणें शहराचें पाणी दूर कुलटी नदीपर्यंत नेणारे कालवे झाले, आणि वाटेंत त्या कालव्यांतून तळ्यांस पाणी मिळूं लागलें.

घाण पाण्यांत मासे वाढवावयाचे, ही कल्पना वाचकांस प्रथमदर्शनीं किळसवाणी वाटेल. परंतु तिच्यामागील क्रिया समजावून घेतली असतां तो ग्रह राहणार नाहीं. थंडीच्या दिवसांत तळें उपसून त्याचा तळ उन्हांत वाळवितात, गाळ काढतात व माती नांगरतात. नंतर सांडपाणी आंत घेऊन कांहीं दिवस तसेंच राहूं देतात. पाणी उथळ असल्यामुळें सूर्यप्रकाश आंतपर्यंत पोहोंचतो. सूक्ष्म जंतु मैल्याचें विघटन करतात. त्यांतून जीं खतद्रव्यें निघतात, त्यांवर सूक्ष्म शेवाळ पोसतें. तें शेवाळ उन्हांत प्राणवायु सोडतें, आणि तोच प्राणवायु त्या जंतूंस उपयोगी पडतो. आतां शेवाळ बेसुमार माजलें तर तें स्वतःच कुजून पाणी नासवील. येथें माशांचें काम येतें. कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मध्यभागीं व मृगळ तळाशीं चरतो. अशा रीतीनें पाण्याचा कोणताच थर वायां जात नाहीं. कांठाला जलपर्णीचा पट्टा राखलेला असतो. एरवीं उपद्रवी ठरलेली ही वनस्पति तेथें लाटांच्या माऱ्यापासून बांधाचें रक्षण करते आणि पाण्यांतील जड धातूंचा कांहीं अंश शोषून घेते. तळ्यांतून सुटलेलें पाणी भातशेतीस जातें. शेजारीं धापा येथें शहराच्या कचऱ्यावर भाजीपाल्याचे मळे फार पूर्वींपासून आहेत.

युरोपांत कृत्रिम पाणथळी करून पाणी शुद्ध करण्याच्या शास्त्राचा आरंभ सामान्यतः कॅथे झायडेल ह्या जर्मन विदुषीच्या, १९५० नंतरच्या दशकांतील लव्हाळ्यांवरील प्रयोगांपासून मानतात. त्या प्रयोगांचें महत्त्व कोणीही नाकारणार नाहीं. परंतु कलकत्त्याच्या कोळ्यांनीं तत्पूर्वींच हजारों एकरांवर तसलाच व्यवहार चालू केला होता. त्यांनीं प्रबंध लिहिले नाहींत. पाण्याचा रंग व वास पाहून ओळखण्याचें ज्ञान बापाकडून मुलाकडे येत राहिलें.

लेखी नसलेल्या ज्ञानाची कदर सरकारदरबारीं सहसा होत नाहीं. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले, शहरास जागा पुरेना, आणि डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या कारकीर्दींत १९६२ सालीं दलदलीच्या उत्तर भागांत हुगळीचा गाळ नळांवाटे ओतून भरणी सुरू झाली. तेथें आज विधाननगर उभें आहे. लोकांस घरें हवीं होतीं हें खरें. परंतु ज्या तळ्यांवर तें नगर उठलें, तीं काय काम करीत होतीं, ह्याचा हिशेब त्या वेळीं कोणी मांडला नाहीं.

तो हिशेब मांडला ध्रुवज्योति घोष यांनीं. ते राज्य सरकारच्या सेवेंतील इंजिनियर. शहराच्या सांडपाण्याचें पुढें काय होतें, ह्याचा माग काढीत ते १९८० नंतरच्या दशकांत ह्या तळ्यांशीं पोहोंचले. कोळ्यांस गुरुस्थानीं मानून त्यांनीं ही विद्या समजून घेतली आणि त्या प्रदेशाचा नकाशा तयार केला. १९९२ सालीं एका नागरिकसंस्थेच्या अर्जावरून उच्च न्यायालयानें तेथील जमिनीचा उपयोग बदलण्यास मनाई केली. २००२ सालीं सुमारें १२,५०० हेक्टरांचा हा प्रदेश रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा ठरला, व २००६ सालीं राज्यानें त्याच्या रक्षणासाठीं स्वतंत्र कायदा केला. घोष २०१८ सालीं निवर्तले.

एवढ्यानें तळीं सुरक्षित झालीं असें मात्र समजूं नये. जमिनीचे भाव चढले कीं बांधाशेजारीं इमारती उठूं पाहतात. कालवे गाळानें भरले कीं दूरच्या तळ्यांस पाणी पोहोंचत नाहीं. कातडीं कमावण्याच्या कारखान्यांतील क्रोमियमसारखे धातु जंतूंनीं पचत नाहींत. ह्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. ही व्यवस्था आजवर टिकली, ती पाणी शुद्ध करणाऱ्यास त्यांतच पोटापुरतें मिळत होतें म्हणून. शहरानें मैला द्यावा, आणि कोळ्यानें शहरास मासळी द्यावी, असा तो अलिखित करार होता. कोळ्याचा मुलगा दुसऱ्या धंद्याकडे वळला, तर नकाशावरील रेघ व कायद्याचें कलम कायम राहूनही तळें भरून जाईल. आणि जें काम आज त्याच्या श्रमांत सहज उरकतें, त्यासाठीं शहरास यंत्रें उभारून पिढ्यान् पिढ्या खर्च सोसावा लागेल. तळ्यांचें रक्षण करावयाचें, तर त्यांवर राबणाऱ्या माणसाचें पोट भरेल अशी तजवीज आधीं केली पाहिजे.