ओसाकाचा किल्ला नेमका कोणत्या सालचा?

जपानमधल्या ओसाका शहरातला प्रसिद्ध किल्ला पाहायला गेलो. तिकीट काढून मुख्य मनोऱ्यात शिरलो तर समोर चक्क लिफ्ट! बाहेरून पाच मजली दिसणाऱ्या या मनोऱ्यात आठ मजले आहेत आणि त्यांत वस्तुसंग्रहालय थाटलेले आहे. मग हा किल्ला जुना म्हणायचा की नवा?

तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाने १५८३ मध्ये तो बांधायला घेतला. १६१५ मध्ये तोकुगावा घराण्याने तोयोतोमींचा पाडाव केला, त्या युद्धात किल्ला जळाला. १६२० पासून तोकुगावांनी त्याच जागी नवा किल्ला उभारला. त्याचा मनोरा १६६५ मध्ये वीज पडून खाक झाला. त्यानंतर २६६ वर्षे तिथे मनोराच नव्हता. आजचा मनोरा १९३१ मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिला, तोही पोलाद आणि काँक्रीटचा.

नमुना म्हणून १६१५ च्या युद्धाचे चित्र असलेला जुना घडीचा पडदा वापरला गेला. संग्रहालयाच्या मालकीच्या या पडद्याच्या अर्ध्या भागात लढाई आहे. उरलेल्या अर्ध्यात सैनिकांच्या तावडीतून जीव वाचवायला पळणारी साधी माणसे आहेत. किल्ल्यांच्या इतिहासात ही माणसे क्वचितच भेटतात.

मनोरा नवा असला तरी दगडी तट हिदेयोशीचे, असे तेव्हा मानले जाई. १९५९ मध्ये जमिनीला भोके पाडून तपासणी झाली आणि सुमारे ७ मीटर खोलीवर वेगळीच भिंत लागली! वरच्या तटात प्रचंड, घडवलेले चिरे आहेत. सर्वांत मोठ्या चिऱ्याचे वजन सुमारे १०० टन असावे असा अंदाज आहे. खालच्या भिंतीत मात्र लहानमोठे, फारसे न घडवलेले दगड. उलगडा झाला तो असा : खालची भिंत हिदेयोशीची. तोकुगावांनी तिच्यावर मातीचा भराव घालून आपला किल्ला रचला होता. जेत्यांनी हरलेल्यांचा किल्ला अक्षरशः गाडला होता. २०२५ पासून हिदेयोशीच्या किल्ल्याची गाडलेली एक भिंत लोकांना पाहता येते.

म्हणजे जमिनीखाली हिदेयोशी, तटांत तोकुगावा आणि वर विसाव्या शतकातले नागरिक. ‘किल्ला कोणी बांधला?’ या प्रश्नाचे एका नावाचे उत्तर परीक्षेत चालेल, पण ते अपुरे आहे. वर्गात त्याला आणखी दोन प्रश्न जोडावेत : यातला कोणता भाग केव्हाचा? आणि हे आपल्याला कशावरून कळले?